'हसन सहीह गरीब' : हदीसशास्त्रातले ओळखीचे वाटणारे शब्द

प्रश्न असा आला आहे : प्रेषित मुहंमदांविषयीच्या कथनांचा, म्हणजे हदीसचा, तिरमिझी या विद्वानांनी केलेला जो संग्रह आहे, त्याच्या अनुवादात एका हदीसखाली 'हसन सहीह गरीब' असा शेरा दिसला. सहीह म्हणजे खरी, तर मग तीच हदीस गरीब कशी? 'सनद जईफ आहे' असं लिहिलेलं असेल तर ती हदीस खोटी समजायची का? आणि हदीसला मराठीत सरळ 'वचन' का म्हणू नये?

या शब्दांची अडचण अशी, की ते आपल्याला अनोळखी वाटत नाहीत. सनद, सही, गरीब, जईफ हे सगळे अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन कित्येक शतकं झाली. इथे त्यांचे अर्थ सरकले आणि स्थिरावले. त्यामुळे ते वाचताना कोश उघडावा असं कुणाच्या मनातच येत नाही. हदीसशास्त्रात मात्र त्या काटेकोर संज्ञा आहेत, आणि त्यांचा रोख बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर असतो : प्रेषित मुहंमदांविषयीचं हे कथन कोणाकडून कोणाकडे आणि कसं पोहोचलं.

आधी सनद. अरबीत सनद म्हणजे टेकू, आधार. आपली इनामाची सनद, वकिलीची सनद, 'सनदशीर मार्ग' या सगळ्यांत ज्याच्या आधारावर हक्क सांगता येतो तो अधिकृत लेख अभिप्रेत आहे. हदीसची सनद म्हणजे कागद नव्हे, माणसांची साखळी. हदीसचे दोन भाग असतात : आधी सनद, म्हणजे कोणी कोणाला सांगितलं ती नावं, आणि मग मतन, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. इसवी सन 797 मध्ये निधन पावलेले अब्दुल्ला इब्न मुबारक यांचं म्हणणं होतं, की इस्नाद, म्हणजे सनद सांगणं, हा धर्माचाच भाग आहे. तो नसता तर ज्याला जे वाटेल ते त्याने सांगितलं असतं. या एका आग्रहापायी हजारो निवेदकांचे चरित्रकोश तयार झाले. निवेदक कुठला, कधी वारला, कुठे कुठे फिरला, कोणाकडे शिकला, म्हातारपणी त्याची स्मृती ढळली होती का, याची त्यांत नोंद असते. दोन निवेदकांची भेट होणंच शक्य नव्हतं असं तारखांवरून दिसलं, की तिथे साखळी तुटलेली धरतात. सामान्य माणसांच्या आठवणशक्तीची इतकी बारीक तपासणी कुणी लिहून ठेवली असेल, यावर आधी विश्वास बसत नाही.

आता गरीब. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखात एकटा पडलेला. अशा माणसाची जी असहाय अवस्था, तिच्यातून आपल्याकडचा 'निर्धन' हा अर्थ आला. हदीसशास्त्राने शब्दातलं एकटेपण उचललं : साखळीच्या एखाद्या टप्प्यावर एकच निवेदक असेल, तर ती हदीस गरीब. यात दोषारोप नाही. बुखारी या दुसऱ्या प्रसिद्ध संग्राहकांच्या संग्रहातली पहिलीच हदीस पाहा : 'कर्मं हेतूंवरच अवलंबून असतात.' प्रेषितांकडून ती सांगणारे हजरत उमर, त्यांच्याकडून अलकमा इब्न वक्कास, त्यांच्याकडून मुहंमद इब्न इब्राहीम तैमी, त्यांच्याकडून यह्या इब्न सईद अन्सारी. यह्यांपर्यंत एकेकच माणूस, आणि त्यांच्यापासून पुढे ऐकणारे पुष्कळ. म्हणजे हदीस गरीब, आणि तरीही सहीह. इतकी मान्य, की इस्लामी आचारविचाराची मांडणी अनेक विद्वान तिच्यापासून सुरू करतात.

सहीह, जईफ आणि इल्लत हे तीन शब्द एकत्र पाहिले, की एक सुंदर गोष्ट दिसते : ही वैद्याची भाषा आहे. सहीह म्हणजे निरोगी (सेहत हा त्याचाच भाऊ), जईफ म्हणजे अशक्त, इल्लत म्हणजे दुखणं. आपण नकोशा ब्यादीला इल्लत म्हणतो. हदीसशास्त्रात इल्लत म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या कथनातला लपलेला दोष, आणि तो ओळखणं हे त्या शास्त्रातलं सगळ्यात अवघड काम मानतात. इब्न सलाह (मृत्यू 1245) यांनी सहीहची जी व्याख्या दिली, तिच्यात साखळी अखंड, निवेदक सदाचारी, त्यांची स्मृती किंवा नोंद पक्की, मजकूर अधिक भरवशाच्या कथनांना छेद न देणारा, आणि इल्लत नसलेला, इतकं सगळं लागतं. म्हणून 'सहीह' म्हणजे आपलं 'बरोबर' नव्हे. या सगळ्या कसोट्यांना उतरलेली ती सहीह.

हसन म्हणजे चांगली. सहीहच्या एक पायरी खालची, पण प्रमाण म्हणून चालणारी. मग 'हसन' आणि 'सहीह' एकाच शेऱ्यात कसे? यावर विद्वानांत बरीच चर्चा झाली. इब्न हजर (मृत्यू 1449) यांचा उलगडा मला सर्वांत पटतो : हदीस दोन साखळ्यांनी आली असेल तर ती एकीने हसन, दुसरीने सहीह, एकाच साखळीने आली असेल तर निवेदकाच्या दर्जाविषयी मतभेद आहे, म्हणून 'हसन किंवा सहीह'. आणि 'गरीब' म्हणताना दर वेळी संपूर्ण हदीस एकाकी आहे असं तिरमिझींना म्हणायचं नसतं. कधी एखादीच साखळी किंवा मजकुरातला एखादा जास्तीचा शब्द एकाकी असतो. हे त्यांनी संग्रहाच्या शेवटी स्वतःच समजावलं आहे.

जईफ म्हणजे खोटी नाही. पुरावा अशक्त, एवढंच. तशाच दुसऱ्या साखळीचा आधार मिळाला तर काही जईफ हदीस हसनच्या पायरीवर येतात. रचलेल्या, बनावट कथनाला वेगळी संज्ञा आहे : मौजू. अनुवादात या दोघांना 'अविश्वसनीय' या एकाच शब्दात गुंडाळू नये. त्या शास्त्राची सारी मेहनत त्या फरकात आहे.

राहिला 'वचन'चा प्रश्न. तो शब्द अपुरा पडतो. प्रेषितांनी जे सांगितलं ते हदीस, जे केलं तेही हदीस, आणि त्यांच्यासमोर कुणी काही केलं नि त्यांनी हरकत घेतली नाही, तर त्या मूक संमतीचं वृत्तही हदीस. या मूक संमतीला म्हणतात तकरीर. मराठी दप्तरांत तकरीर म्हणजे वादी-प्रतिवादीने तोंडाने दिलेलं निवेदन. इथे नेमकं उलट, न बोलणं. म्हणून मी अनुवादात 'हदीस' हाच शब्द ठेवतो, उर्दूप्रमाणे स्त्रीलिंगी : ही हदीस, त्या हदीसची सनद. 'हदिथ' हे रूप इंग्रजी लेखनावरून आलेलं आहे. मूळ अरबी उच्चार 'थ'च्या जवळचा असला, तरी फारसी-उर्दूतून आपल्याकडे 'स' रुळला आहे आणि तो बदलण्याचं कारण नाही. सुन्नत मात्र हदीसहून वेगळी ठेवा : सुन्नत म्हणजे प्रेषितांची रीत, वहिवाट, हदीस म्हणजे त्या रीतीचं वृत्त. मराठीत त्या शब्दाचं 'सुंता' झालं आणि एवढ्या मोठ्या अर्थातला एकच विधी उरला.