जुना पीएफ काढू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

लोटे एमआयडीसीतली नोकरी सोडून तू पुण्याला निघालास, आणि चार वर्षांचा पीएफ काढून मोटारसायकल घ्यायचं मनात आहे, असं तुझी आई म्हणाली. नोकरी खुशाल बदल. त्या पैशाला मात्र हात लावू नकोस.

कंपनी तुझ्या पगाराच्या 12 टक्के पीएफमध्ये भरते, त्यातले 8.33 टक्के पेन्शन खात्यात जातात. पासबुकात त्याचा रकाना वेगळा असतो. पेन्शनला किमान 10 वर्षं सेवा लागते. पीएफबरोबर तेही काढलंस तर ही चार वर्षं पुसली जातील. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून खातं नव्या कंपनीकडे ट्रान्सफर केलंस तर ती पुढे जोडली जातात.

एवढ्यानेही भागणार नाही, हेही ऐक. या पेन्शनसाठी पगार धरतात तो जास्तीत जास्त 15,000, ही 2014 पासूनची मर्यादा. त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. 30 वर्षं नोकरी केलीस, वर दोन वर्षं जादा धरली, तरी महिना सात हजारांच्या आतच येतात. मी शिक्षक म्हणून आधी लागलो म्हणून मला जुनी पेन्शन आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी ती बंद झाली. माझ्याकडे बघून तू निर्धास्त राहू नयेस.

माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. पेन्शन नव्हती. तालुक्याला जायचं झालं की एसटीच्या भाड्यासाठी ते आईकडे बघायचे, आणि आई माझ्याकडे. त्यांनी मला तोंडाने कधी मागितलं नाही. आयुष्यभर घरी मनीऑर्डर धाडणाऱ्या माणसाची ती नजर मला अजून आठवते, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

तुझे बाबा म्हणतील, बाग आहे की म्हातारपणाला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारभरात आमच्या पोफळी, सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. नव्या लावल्या, पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि साठीनंतर तेवढं थांबायला माणसाकडे वेळ नसतो. जमीन विकू म्हटलं तर सातबाऱ्यावर सगळ्या चुलत्यांची नावं, एक सही मुंबईला, एक बडोद्याला. बाग राख, जीव लावून राख. पण तिच्यावर म्हातारपण टाकू नकोस.

पोस्टात पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ बचतीचं खातं, उघड आणि महिन्याला दोन हजार टाक. आजचा 7.1 टक्के दर टिकला तर 15 वर्षांत सहा लाखांच्या वर जातील, आणि पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येतं. पैसे 5 तारखेच्या आत भरत जा, नाहीतर त्या हप्त्याचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. तू अजून आयकर भरत नसशील तर अटल पेन्शन ही सरकारी योजनाही बघ. पंचविसाव्या वर्षी महिना 376 रुपये भरायला लागलास तर साठीनंतर महिना 5,000 ची हमी आहे. तोवर 5,000 ला फारशी किंमत उरणार नाही, म्हणून ते पीपीएफच्या जोडीला धर, त्याच्या जागी नको.

मोटारसायकल वर्षभराने घे.

गणपतीला येशील तेव्हा पासबुकाची प्रिंट आण. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, ते ओटीवर बसून बघू. ती नसली की ट्रान्सफर अडतो.

तुझा,
गुरुजी