सही करण्याआधी: जिल्हा परिषद शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जूनमधल्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली. मी शेतकरी, शिक्षण दहावी. गुरुजी महिन्याकाठी ठरावाचं बुक मुलाच्या दप्तरातून घरी पाठवतात आणि मी सही करून परत देतो. शाळेच्या पैशांवरही माझी सही लागते असं आता कळलं. काय बघून सही करायची?
– समिती अध्यक्ष, जालना जिल्हा

उत्तर : बुक घरी येतंय, पहिली चूक तिथेच आहे. सभा दर महिन्याला, शाळेतच. इतिवृत्त सभेत लिहायचं, सगळ्यांसमोर वाचायचं आणि मगच सह्या करायच्या. पुढच्या सभेपासून एवढा एक क्रम पाळलात तरी निम्मं काम झालं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 मध्ये समितीची कामं लिहिलेली आहेत: शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि शासनाकडून वा इतरांकडून आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. म्हणजे बहुमत तुमचंच आहे. महिला सदस्याच्या नावापुढे नवऱ्याने सही ठोकली असेल तर ती चालवून घेऊ नका. त्या बाईंना सभेला बोलवा; खिचडी, संडास, पाणी यांबद्दलचे नेमके प्रश्न त्याच विचारतात.

आता पैसे. समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे येतं. योजनेच्या निकषानुसार 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. खडू, रजिस्टरं, वीजबिल, पिण्याचं पाणी, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती हे सगळं यातच बसवायचं. रक्कम लहान आहे, म्हणून तर ती नीट वापरली गेली पाहिजे.

सही करताना तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा: ठराव, बिल आणि प्रत्यक्ष वस्तू. ठराव बिलाच्या तारखेआधीचा हवा. बिलावर ‘शैक्षणिक साहित्य’ एवढंच लिहून खाली 18,000 चा आकडा असेल तर थांबा आणि नगवार यादी मागा. मग साठा नोंदवहीत त्या वस्तू चढल्यात का ते बघा आणि कपाट उघडून मोजा. दहावी शिकलेल्या माणसाला जमणार नाही असं यात काहीच नाही.

एक गोष्ट पुष्कळ अध्यक्षांना चकवते. हल्ली अनुदान शाळेच्या पासबुकात साठत नाही. शून्य शिलकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते आणि पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन पैसे-वितरण प्रणालीतून रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात जाते. त्यामुळे पासबुक कोरं दिसलं म्हणजे पैसे आलेच नाहीत असं समजू नका. मर्यादा किती मंजूर झाली आणि किती उरली हे सभेत विचारा. न वापरलेली मर्यादा 31 मार्चला जाते. मग शेवटच्या आठवड्यात घाईने नको ती खरेदी होते: सतरंज्या असताना सतरंज्या, भिंतीवर न लागलेले तक्ते. ते टाळायचं तर नोव्हेंबरच्या सभेत गरजांची यादी करून ठराव घ्या. तीच यादी शाळा विकास आराखड्याला उपयोगी पडते. हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि कलम 22 नुसार शासनाच्या अनुदानाचं नियोजन त्यावर व्हायचं असतं. मागच्या वर्षीचा आराखडा नुसती साल बदलून पुढे पाठवला जात असेल तर शाळेची मागणी वर कधी पोचणारच नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून 41 मुलं, शिक्षक दोन. प्रगतिपुस्तकावर सगळ्यांना अ, ब श्रेणी आहे, पण माझी चौथीतली मुलगी वर्तमानपत्राचा मथळा वाचू शकत नाही. शिक्षक मेहनती आहेत, त्यांना दुखवायचं नाही. मुलांना खरंच किती येतं हे आम्ही पालक तपासू शकतो का?
– एक आई, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तपासू शकता, आणि शिक्षकांना सोबत घेऊनच तपासा. आधी हा हिशेब मांडा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला चार तास. एका शिक्षकाकडे अडीच वर्ग म्हटले तर एका वर्गाच्या वाट्याला थेट शिकवण्याचे जेमतेम दीड तास येतात. त्यातून ऑनलाइन माहिती भरणं, केंद्रावरची बैठक, टपाल हे वजा होतं. दोष द्यायला बसलात तर शिक्षक बचावात जातील आणि मुलगी आहे तिथेच राहील.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात 2005 पासून घरोघरी वापरलेली पद्धत गावालाही जमते. चार कागद करा. एकावर दहा सुटी अक्षरं, दुसऱ्यावर काना-मात्रा असलेले दहा सोपे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीची चार छोटी वाक्यं, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. पाठ झालेला धडा मूल पुस्तक उलटं धरूनही म्हणतं, आणि ते वाचतंय असं आपल्याला वाटतं.

मुलाला एकट्याला ओसरीत बसवा, तुम्हीही जमिनीवर बसा. सुरुवात चार वाक्यांपासून. ती सहज, वाक्य म्हणून वाचली तर गोष्ट द्या. अडखळलं तर शब्द. तेही नाही जमले तर अक्षरं. शब्दांत आणि अक्षरांत कोणत्याही पाचपैकी चार बरोबर आले की ती पातळी आली असं धरा. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, एवढंच पुरे. एका मुलाला सहा-सात मिनिटं लागतात. तिघी-चौघी पालक बसल्या तर 41 मुलं एका सकाळी होतात. मुलांना गुण देऊ नका. नावापुढे फक्त पातळी लिहा आणि तो कागद भिंतीवर लावू नका.

मूल कुठे अडतं तेही टिपा, कारण उपाय त्यावरच ठरतो. ‘मोर’ ला ‘मर’ वाचणाऱ्या मुलाला अक्षरं येतात, स्वरचिन्हं येत नाहीत. त्याला बाराखडी म्हणायला लावून उपयोग नाही. ‘मर, मार, मोर, मीरा’ असे जवळचे शब्द शेजारी ठेवून वाचून घ्यायचे. ‘पर्वत’ वर थांबणाऱ्याचा रफार राहिलाय. आणि तुमच्या भागात आणखी एक: घरी भिली किंवा पावरी बोलणारं मूल वाक्य खणखणीत वाचतं, पण काय वाचलं विचारलं की गप्प. त्याला वाचन येतंय, पुस्तकातली मराठी अजून त्याची झालेली नाही. त्याच्याशी आधी त्याच्या बोलीत त्या गोष्टीबद्दल बोलायचं, चित्रं दाखवायची, मग मजकूर द्यायचा. अशा मुलाला ‘ढ’ ठरवणं हा आपल्या शाळांतला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

यादी हातात आली की समितीने ठराव करावा: रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवायची. अक्षर-शब्दवाल्यांचा एक गट, वाक्य-गोष्टवाल्यांचा दुसरा. दोन शिक्षकांना दोन गट सांभाळता येतात. पहिली-दुसरीला त्या तासापुरती गावातली शिकलेली आई किंवा ताई मदतीला येऊ शकते. आठ आठवड्यांनी त्याच पद्धतीने, नवा मजकूर घेऊन पुन्हा तपासा. बहुतेक ठिकाणी हे मोडतं ते तिसऱ्या आठवड्यात, एखादी स्पर्धा किंवा प्रशिक्षण आलं की तो तास जातो आणि परत येत नाही. म्हणून त्या तासाची वेळ ठरावात लिहा, दर सभेत पहिला विषय तोच ठेवा.

प्रश्न : शाळेत 63 मुलं रोज येतात, तरी तिसऱ्या शिक्षकाचं पद अतिरिक्त ठरलं. असं कसं?
– ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा

उत्तर : हजेरीतली मुलं आणि संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं हे ठरवणाऱ्या शासकीय मंजुरीत, मोजलेली मुलं वेगळी असतात. पद ठरतं ते 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि त्यातही ज्यांचं आधार प्रणालीत वैध ठरलंय त्यांच्यावर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. तुमच्या 63 पैकी तिघांचं आधार जुळलं नाही तर उरले 60, आणि तिसरं पद गेलं. असलेलं पद टिकणं आणि गेलेलं पद नव्याने मिळणं यांचे निकषही सारखे नसतात. म्हणून जपायचं ते आधीच.

न जुळण्याची कारणं अगदी साधी असतात. जनरल रजिस्टरला ‘श्रावणी’, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ च्या जागी ‘डब्ल्यू’. रजिस्टरला खरी जन्मतारीख, आधारवर 1 जानेवारी, कारण नोंदणीच्या वेळी फक्त साल सांगितलं होतं. कधी लिंगच चुकलेलं. जुलैत वर्गशिक्षकांकडून न जुळलेल्या नावांची यादी घ्या, प्रत्येकापुढे कारण लिहून घ्या. चूक रजिस्टरची असेल तर जन्मदाखल्यावरून शाळेने नियमाप्रमाणे दुरुस्ती करावी; आधारची असेल तर जन्मदाखला घेऊन पालकांसह आधार केंद्र गाठावं. दुरुस्ती झाल्यावर शाळेने प्रणालीत पुन्हा पडताळणी करायला हवी, हे नेमकं राहून जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं काम ऑगस्टमध्येच उरका. आधार नाही म्हणून कुणाला प्रवेश मात्र नाकारता येत नाही.

प्रश्न : खिचडी पातळ असते अशी मुलांची तक्रार आहे. प्रमाण किती हवं?
– पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पहिली ते पाचवीला मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20, भाजी 50, तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. पाचवीपर्यंतची 46 मुलं हजर असतील तर तांदूळ 4 किलो 600 ग्रॅम, डाळ 920 ग्रॅम, भाजी 2 किलो 300 ग्रॅम. शाळेत चालू वजनकाटा आहे का ते आधी बघा. मापाच्या डब्याने तांदूळ बरा मोजला जातो, डाळ कमी पडते, आणि पातळपणा येतो तो डाळ-भाजीच्या कमतरतेमुळे. त्या दिवशीची हजेरी, शिजवलेलं वजन आणि साठा रजिस्टरची वजावट, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. चव नोंदवहीत पालकांनी आळीपाळीने खाऊन लिहावं, नुसतं ‘उत्तम’ नको. आणि स्वयंपाकी ताईंचं मानधन थकलंय का तेही विचारा.

प्रश्न : एका खोलीच्या छताचं प्लास्टर पडतंय. दोन वर्षं अर्ज देतोय.
– समिती सदस्या, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ‘दुरुस्ती व्हावी’ एवढाच अर्ज फाइलमध्ये राहतो. खोली धोकादायक आहे असा समितीचा ठराव, तारखेसह फोटो आणि मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. त्यात मागणी एकच ठेवा: बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांनी पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. दुरुस्तीजोगी असेल तर अंदाजपत्रक होतं, नसेल तर निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून अधिकृतपणे बाद करण्याचा, प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जातो. निर्लेखन झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही आणि त्या जागी नवी मिळत नाही, बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. महिन्याभरात अहवाल आला नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर पाहणीची तारीख आणि अहवालाची प्रत मागा; 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याचबरोबर हा विषय ग्रामसभेत नेऊन गावाच्या विकास आराखड्यात घ्या. तोवर त्या खोलीला कुलूप लावा आणि वर्ग समाजमंदिरात हलवायचा ठराव आजच करा. छताखाली बादली ठेवून वर्ग भरवू नका. कोकणातल्या पावसात प्लास्टरमागोमाग स्लॅबची गंजलेली सळई उघडी पडते, मग मोठा तुकडा कधी येईल सांगता येत नाही.