वारा पाठीवर घे

प्रिय पोरी,

तुझे 41 फोटो काल रात्री दोनदा पाहिले. त्यातल्या 39 फोटोंत भोवत्याची, म्हणजे हिवाळ्यात माळावर येणाऱ्या त्या शिकारी पक्ष्याची (हॅरियरची), शेपटी आहे. शेपटी सुरेखच आहे, बुडाशी पांढरा डाग, म्हणजे मादी किंवा यंदाचं पिल्लू. पण पक्षी दरवेळी तुझ्यापासून लांब चाललाय. तू विचारतेस, लेन्स कमी पडते का, 600 मिलिमीटरची घेऊ का? कर्ज काढू नकोस. तुझी 400 ची पुरते. तू बसलीस चुकीच्या बाजूला, एवढंच झालं.

शिकारीला निघालेला भोवत्या शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतो. समोरून वारा मिळाला की त्याला हळू जाता येतं. पंख वर उचलून धरायचे, गवताच्या शेंड्यांवरून तरंगत राहायचं आणि ऐकायचं. हो, ऐकायचं. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा असतो तो उगाच नाही, उंदराची खसफस त्याला कानांनीही कळते. आता बघ, हिवाळ्यात सुप्याच्या किंवा सासवडच्या माळावर सकाळी बहुतेक वेळा पूर्वेकडून वारा असतो. सूर्यही तिकडेच. पूर्वेला पाठ करून बसलीस की पक्षी तोंड करून तुझ्याकडे येतो आणि उजेड थेट त्याच्या पिवळ्या डोळ्यांत. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला जातो, वारा मात्र बहुधा तोच राहतो. उजेडासाठी तू पश्चिमेला पाठ केलीस, की पदरात शेपट्या. तुझ्या फायलींवरची वेळ पाहिली मी, सगळे फोटो साडेपाचच्या आसपासचे.

कुठे बसायचं हे मला एका धनगराने शिकवलं. मी तासभर जीप घेऊन एका राखाडी नराच्या मागे या टोकापासून त्या टोकाला पळत होतो. म्हातारबाबा मेंढरं सोडून काठीवर हनुवटी टेकून माझी गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, “अवं, ती घार रोज ह्या बांधानंच जातीया. हितं बसा की.” बसलो. वीस मिनिटांनी नर बांधाची कड धरून आला, माझ्यापासून दहा-बारा मीटरवर वळला, आणि मी इतका दचकलो की फोकसच चुकला. असो. बांध, ओढा, समतल चर, वनखात्याच्या रोपवनाचं कुंपण अशा कडा भोवत्या धरून चालतो. म्हणून पहिली दोन दिवसं कॅमेरा पिशवीतच ठेव. दुर्बिणीने बघ आणि वहीत फेऱ्या टिपून ठेव: किती वाजता, कुठून कुठे.

बसायचं म्हणजे खरंच खाली बसायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी गवतात रुततो. बसलीस की त्याच्यामागे दूरची टेकडी येते आणि ती विरघळून जाते.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार रमण्यासारखं काही नाही. शटर 1/2000 सेकंद ठेव, भोवत्या सावकाश उडतो, पण झडप घालताना क्षणात उलटा वळतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ऑटोवर. राखाडी नराला उजेड दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं एकक) कमी दे, नाहीतर सुक्या गवतापुढे त्याची पाठ चुन्यासारखी पांढरी होते. फोकस शटरच्या बटणावर नको, कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घे. आणि पक्षी गवतात पडला की कॅमेरा खाली घेऊ नकोस, त्याच जागेवर धरून ठेव. बहुतेक वेळा तो काही सेकंदांत रिकाम्या पायांनी वर येतो. कधी पायात नाकतोडा असतो, आणि हवेतच पाय चोचीकडे नेऊन तो खातो. तो फोटो मला 22 वर्षांत दोनदाच मिळालाय.

साडेनऊ-दहानंतर माळ तापतो, हवा थरथरायला लागते. मग दीड लाखाची लेन्स असो की दहा लाखांची, पीस काही धारदार येत नाही. डबा उघडायचा.

आता एक गोष्ट जरा लाजतच लिहितो. भोवत्ये रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवरच झोपतात, आणि एकेका जागी बरेच जण जमतात. एका डिसेंबरात अशी जागा मला सापडली. अंधार पडत होता, आणखी जवळून मिळेल म्हणून मी गवतात शिरलो. पायाशीच एक उडाला, मग दुसरा, मग सगळेच. पंचवीस तरी असतील. मध्य आशियातून इथवर आलेले पक्षी काळोखात घिरट्या घालत राहिले, आणि खाली कोल्हा ओरडत होता. दुसऱ्या दिवशी तिथे चारच उतरले. त्या संध्याकाळचे फोटो मी कुणाला दाखवत नाही, काळे ठिपके आहेत नुसते. तेव्हा झोपायची जागा दिसली तर रस्त्यावरून बघ, हेडलाइट बंद ठेव, आणि फोटोखाली तालुक्याच्या नावापेक्षा नेमकं ठिकाण लिहू नकोस.

31 नंबरचा फोटो मात्र मूळ, न कापलेला पाठव. त्यात मान वळलेली आहे आणि गळ्याभोवती फिकट पट्टा असावा असं वाटतंय. तसा असेल तर ती मॉन्टेग्यूच्या भोवत्याची नव्हे, पांढुरक्या भोवत्याची मादी.

रविवारी पहाटे साडेपाचला निघू. गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिव आणि तिच्यात मका भर, मटकी नको, ओल लागली की मोड येतात. आणि लोकरीचे मोजे घालून येऊ नकोस. मागच्या खेपेला माझ्या पुतण्याने घातले होते, जेजुरीपर्यंत बिचारा कुसळं वेचत होता.

तुझा,
काका