आयएसबीएन घेण्याआधी

ताई, तुमचा अहिराणी कथासंग्रह अमळनेरच्या छापखान्यात जाण्याआधी आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं, काम उरकून घ्या. आपल्याकडे हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते. लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो आणि शुल्क शून्य. 'क्रमांक मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर सरळ नकार द्या.

क्रमांक हाती आला की तो नीट वाचा. १३ आकडे, पाच भाग. सुरुवातीचे ९७८ म्हणजे पुस्तक, नंतरचे ८१ किंवा ९३ म्हणजे भारत. पुढे प्रकाशक, मग ते विशिष्ट पुस्तक आणि शेवटी तपासणीचा एक अंक. हा अंक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिल्या बारा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. त्यात शेवटचा अंक मिळवला की १० ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. नाही गेला, तर कुठेतरी आकडा चुकलाय. मुखपृष्ठ छापायला देण्याआधी हे गणित स्वतः कराच. एकदा हजार प्रती छापल्या की दुरुस्ती फार महाग पडते.

जुन्या पुस्तकांवर दहाच आकडे दिसतील. १३ आकडी पद्धत २००७ पासूनची.

ई-बुक काढलंत तर त्याला वेगळा क्रमांक लागेल. सुधारित आवृत्तीलाही. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. आणि हो, आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. त्याची नोंदणी हवी असेल तर वेगळा अर्ज करा.