तुझ्या ‘नाही’चं तो काय करतो?

‘मावशी, लग्नाला दोन वर्षं झाली. मी झोपल्यावर नवरा मोबाइलवर पॉर्न बघतो, हे महिन्यापूर्वी कळलं. बलात्काराच्या बातम्यांत आरोपीच्या मोबाइलमध्येही तेच सापडतं. हा कधी कुणावर हात टाकेल का? त्याच्या शेजारी झोपायची भीती वाटते.’

महिनाभर ही भीती एकटीनं उशाशी घेऊन निजलीस, याचं फार वाईट वाटलं गं.

गुन्हेगार पॉर्न बघतात हे खरं. पण ते बघणारे आणि आयुष्यात कुणाला बोटही न लावणारे पुरुष त्यांच्या कितीतरी पट आहेत. ते बातमीत येत नाहीत. डेन्मार्कनं 1969 मध्ये अश्लील चित्रांवरची बंदी उठवली. बर्ल कुचिन्स्की या गुन्हेशास्त्रज्ञानं पोलिसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बलात्कार वाढलेले दिसले नाहीत.

म्हणून पॉर्न निरुपद्रवी, असं मी म्हणणार नाही. 2016 मध्ये सात देशांतल्या 22 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. जास्त बघणाऱ्यांत लैंगिक जबरदस्तीही जास्त आढळली, त्यातही शब्दांनी दबाव आणण्याची. मात्र बघण्यानं माणूस तसा होतो की तशा माणसाला ते बघावंसं वाटतं, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. मला नील मालामथ या मानसशास्त्रज्ञाची मांडणी पटते: ज्याच्या मनात बायकांविषयी आधीच राग आहे, शरीरसंबंधात आपुलकीची गरजच वाटत नाही, त्याच्या बाबतीत सतत पॉर्न बघणं धोका वाढवतं. इतरांच्या बाबतीत फरक फारसा दिसत नाही.

तेव्हा आठवून बघ. तू ‘आज नको’ म्हणालीस की तो कूस बदलून झोपतो, की अबोला धरतो, टोमणे मारतो, नकोसं होईपर्यंत मागे लागतो? बाईवर अत्याचार झाल्याची बातमी आली की दोष कुणाला देतो? तो जे बघतो त्यात मारझोड, जबरदस्ती असते का? यांची उत्तरं तुझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाहीत.

उत्तरं बरी असतील, तर उरतं ते लपवल्याचं दुःख. तेही लहान नाही. दिवसाउजेडी, दोघं शांत असताना त्याला सांग, ‘मला कळलंय आणि मला त्रास होतोय.’ तो ऐकून घेत असेल, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.

पण त्यानं तुझ्यावर एकदा जरी जबरदस्ती केली असेल, किंवा मोबाइलमध्ये लहान मुलांचं काही दिसलं, तर त्याच्याशी एकटीनं बोलायला बसू नकोस. आधी विश्वासाच्या माणसाकडे जा, आणि तिथून पोलिसांकडे.