चिठ्ठीवर गोळ्यांखाली लिहिलेली ओळ

"गरिबाच्या आजाराला आता औषधाऐवजी बैठकाच का, मॅडम?" आईला घेऊन आलेल्या लेकीने खुर्चीवर बसण्याआधीच विचारले. मधुमेहाच्या गोळ्यांखाली डॉक्टरांनी 'समुपदेशकाला भेटा, बचत गटाची चौकशी करा' असे लिहिले होते आणि तिला ती बोळवण वाटली होती. मी ती समुपदेशक. ही शंका माझ्याकडे वरचेवर येते. ती अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही.

चिठ्ठीतली एकही गोळी कमी झालेली नाही, हे मी तिला आधी दाखवले. मग मावशींना, म्हणजे तिच्या आईला, त्यांचा दिवस कसा जातो, ते विचारले. बावन्न वर्षांच्या मावशी पतीच्या निधनानंतर नागपूरच्या तांडापेठेत एकट्या राहतात आणि पापड लाटून पोट भरतात. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असल्या, तरी रांगेत दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्या महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होत्या. साखर का उतरत नाही याचे उत्तर तिथेच होते, आणि ते लेकीलाही ठाऊक नव्हते.

चिठ्ठीवरच्या अशा ओळीसाठीच इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१९ पासून 'लिंक वर्कर' मोठ्या प्रमाणावर नेमले. एकटेपणा, कर्ज, घराची अडचण यांतून वाट काढायला ते रुग्णासोबत बसतात आणि त्याला योग्य ठिकाणी जोडून देतात. यालाच 'सोशल प्रिस्क्रायबिंग' म्हणतात. सोबत हा त्यातला कळीचा भाग आहे. पूर्वी मी नुसते पत्ते लिहून देत असे. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की तिथवर पोहोचले ते बहुतेक घरी दुचाकी असलेले. म्हणजे माझ्या चिठ्ठीने दरी वाढवलीच होती.

म्हणून या वेळी आशाताईंना, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेला, गाठले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायला त्या मावशींसोबत सेतू केंद्रात गेल्या. पतीच्या मृत्यू दाखल्यात नावाची चूक निघाल्याने पुन्हा दोन खेपा पडल्या. एकट्या असत्या, तर मावशी पहिल्याच खेपेला परतल्या असत्या. बचत गटाला मात्र त्यांनी तूर्त नकार दिला आहे, आणि मी आग्रह केलेला नाही.

गोळ्यांचे मी डॉक्टरांशी बोलले. "हे आधी सांगायचे ना," म्हणत त्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून दिल्या.