महाराष्ट्रात कॉलेजच्या मुलांना दारू प्यायला किती वय लागतं? परवाना खरंच लागतो का?

बिअर-वाइनला २१ पूर्ण, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. म्हणजे डिग्रीची बरीचशी पोरं बिअरलाही नियमात बसत नाहीत. आणि हो, परवाना लागतोच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची देणगी. विदेशी मद्याचा (म्हणजे देशी दारू सोडून व्हिस्की, रम, बिअर वगैरे, इथे बनलेली असली तरी) एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. दुकानदार सहसा विचारत नाही, म्हणून कुणाला पत्ताच नसतो.

पण खरी भानगड रूमवर होते. वर्गणी काढून खंबा आणायचा, प्लास्टिकच्या ग्लासात अंदाजाने ओतायचा, चकण्याला शेंगदाणे. बारमधला स्मॉल पेग मोजून ३० मिलीचा. रूमवरच्या ‘एकाच पेगात’ त्याच्या दुप्पट सहज जाते. रिकाम्या पोटी तर विचारूच नका.

कुणी आडवा झाला तर लिंबूपाण्याने किंवा कॉफीने उतरत नाही, यकृत आपल्याच वेगाने काम करतं. त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. हाका मारूनही उठत नसेल किंवा श्वास मंदावला असेल तर सरळ १०८ लावा, घरी कळेल म्हणून थांबू नका. गाडीची किल्ली मात्र बाटली उघडायच्या आधीच काढून घ्या: रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.